मावशींच्या तेराव्याची डाळ

स्वतःच्या तेराव्याचं जेवण स्वतःच्या हातानं अकरा वेळा वाढलेली बाई या भूतलावर आजवर एकच होऊन गेली असेल, आणि ती माझ्या बायकोची मावशी होती. मावशींविषयी सांगताना माझ्याकडून माप थोडं सांडतं, हे मी आधीच कबूल करतो. बायको तर म्हणते की तुमच्या तोंडी मावशी दर वर्षी आणखी चिक्कू होत चालल्यात. पण हा अकराचा आकडा खरा आहे. त्या अकराही पंगतींना मी हजर होतो आणि प्रत्येक वेळी गव्हाची खीर दोनदा मागून घेतली होती. तेराव्याच्या जेवणाला असं मागून घेणं बरं दिसत नाही, पण जिचं तेरावं तीच पळी घेऊन समोर उभी असली की माणसाची भीड चेपते.

मावशी केज तालुक्यातल्या युसूफ वडगावला राहायच्या. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, मागं दोन शेळ्या आणि एक शेवग्याचं झाड, एवढा त्यांचा संसार. दोन एकर जमीन त्यांच्या नावावर होती, ती बटईनं दिलेली. अंगानं काटकुळ्या, चालीला तरतरीत, आणि डोळ्यांवर यजमानांचा, म्हणजे आमच्या काकांचा चष्मा. काका गेल्यावर त्यांचा धडधाकट चष्मा नुसता कपाटात पडून राहावा हे मावशींना बघवलं नाही. नंबर जुळतो का, असं मी एकदा विचारलं, तर एका डोळ्याला बरोबर बसतो म्हणाल्या, आणि दुसऱ्या डोळ्यानं या वयात असं काय नवीन बघायचं राहिलंय, असं मलाच विचारलं. माझ्या बायकोची आई लवकर गेली, त्यामुळं तिचं माहेरपण आणि माझं जावईपण हे दोन्ही मावशींच्याच पदरात पडलं. लग्नानंतर मी पहिल्यांदा मुक्कामाला गेलो तेव्हा पौषातली थंडी होती. दिवेलागणीलाच हुडहुडी भरली म्हणून मी पांघरूण मागितलं. मावशी म्हणाल्या, जरा दम धरा, डाळ शिजू द्या. थंडीचा आणि डाळीचा काय संबंध, हे बीडच्या शाळेत मुलांना शिकवणाऱ्या माझ्यासारख्या मास्तरालाही कळेना. मग बायकोनं हळूच सांगितलं की मावशी डाळीला एक उकळी आणतात, गॅस बंद करतात आणि पातेलं गोधडीत गुंडाळून टोपलीत ठेवून देतात. तासाभरात डाळ आपल्याच वाफेवर मऊ होते आणि सिलिंडर चार महिने जातो. घरात जास्तीची गोधडी एकच होती आणि त्या घटकेला तिच्यात डाळ झोपलेली होती. डाळ उठल्यावर गोधडी माझ्या वाट्याला आली. तिला हिंगाचा वास येत होता, पण इतकं ऊबदार पांघरूण मला त्यानंतर कुठल्याही लॉजमध्ये मिळालेलं नाही.

बाजाराच्या दिवशी मावशी दोनदा बाजारात जायच्या. दुपारी एकदा रिकाम्या हातानं, नुसता भाव विचारायला. प्रत्येक ढिगासमोर थांबायचं, भाव विचारायचा, चष्म्यावरून त्या भाजी-माळव्याकडं दुःखानं बघायचं आणि पुढं जायचं. मग घरी येऊन शेळ्यांचं उरकायचं आणि ऊन उतरून बायका पोती झटकायला लागल्या की पिशवी घेऊन दुसऱ्यांदा निघायचं. नांदूरघाटकडची एक वांगीवाली या प्रकाराला इतकी वैतागली होती की तिनं एकदा मावशींना तहाची बोलणी लावली. तुम्ही दुपारीच या, मी तुम्हाला दुपारीच संध्याकाळच्या भावानं देते, पण तेवढं भाव विचारून तोंड कडू करणं सोडा, तुमचं तोंड बघून बाकीची गिऱ्हाइकं पळतात, असं तिचं म्हणणं. मावशींनी तह मोडीत काढला. दुपारी स्वस्त घेतलं तर ते तिचे उपकार होतील आणि संध्याकाळी स्वस्त घेणं हा आपला हक्क आहे, हे त्यांनी त्या बाईला बाजारातच उभं राहून समजावून सांगितलं. पुढं बरीच वर्षं त्या दोघी एकमेकींवर अशाच चिडून होत्या, आणि एखाद्या बाजाराला मावशी दिसल्या नाहीत तर तीच वांगीवाली निरोप धाडून चौकशी करायची.

अधिक महिना आला की जावयांचे भाव वधारतात. माझ्या शाळेतल्या एका सहकाऱ्याला सासऱ्यांनी चांदीचं निरांजन दिलं, दुसऱ्याला कापडं दिली, आणि शिवाय सगळ्यांना तेहतीस अनारशांचं नाहीतर बत्ताशांचं वाण. मावशींनी मलाही वाण दिलं. पितळी ताटावर स्वच्छ रुमाल, रुमालाखाली तेहतीस भुईमुगाच्या शेंगा. मी बायकोकडं पाहिलं, बायकोनं आढ्याकडं पाहिलं. मावशी मात्र अगदी ठाम होत्या. शास्त्रात जावयाला जाळीदार जिन्नस द्यावा असं सांगितलंय, आणि शेंगेच्या टरफलाइतकी देवानं घडवलेली जाळी दुसरीकडं कुठं आहे, हे मी त्यांना दाखवून द्यावं. शिवाय अनारसा खाल्ला की एकच, शेंग फोडली की आत दोन दाणे, म्हणजे वाण दुप्पट झालं. त्यातली एक शेंग पोचट निघाली तेव्हा मात्र त्या आत गेल्या आणि बदलून दुसरी घेऊन आल्या, कारण जावयाला बत्तीस देणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं.

बीडला आमच्याकडं या, असं आम्ही वर्षानुवर्षं म्हणायचो आणि मावशी वर्षानुवर्षं एसटीच्या भाड्याकडं बोट दाखवायच्या. बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा वाटलं आता येतील. पण अर्धं तिकीट म्हणजे अर्धं नुकसान, ते तरी का सोसायचं, आणि पंचाहत्तरी झालेल्यांना फुकट आहे तर आणखी थोडी कळ काढू, असं त्यांचं मत पडलं. त्यांचं वय नक्की किती हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या अंदाजानं त्या बहात्तर वर्षांच्या होत्या, पण आधार कार्डानं पंचाहत्तर जाहीर केल्यावर त्यांनी सरकारशी वाद घातला नाही. त्या महिन्यात त्या तीनदा बीडला आल्या. एकदा तर सकाळी दहाला उतरल्या, पायरीवर बसून चहा घेतला, शेळ्या एकट्या आहेत म्हणाल्या आणि बाराच्या गाडीनं परत निघाल्या. बायको त्या दिवशी फार चिडली होती, पण गाडीत खिडकीशी बसलेल्या मावशींच्या तोंडावर जे समाधान होतं ते विमानानं काशीला जाऊन आलेल्या माणसाच्या तोंडावरही मी पाहिलेलं नाही.

आता एवढं ऐकल्यावर कुणालाही वाटेल की बाई कद्रू होती. तशी ती नव्हती, आणि हे मी जावई म्हणून सांगत नाही. शेजारच्या हसीनाबी मावशींकडं खुरपायला, निवडायला, कधी गोधडी शिवायला यायच्या. त्यांच्या मजुरीत मावशींनी कधी घासाघीस केली नाही. उलट गावात मजुरीचा रोज वाढला की दुसऱ्या दिवशी मावशी स्वतःहून वाढवून द्यायच्या. कुणाचं फुकट घ्यायचं नाही आणि कुणाच्या घामाचं राखायचं नाही, एवढं एक सोडलं तर बाकी जगाशी त्यांची पैशांवरून झटापट चालूच असायची. मला एकदा त्या म्हणाल्या होत्या, "पैसा खर्चायला अक्कल लागत न्हाई, जावईबापू. ठिवायला लागती." मी तेव्हा हप्त्यावर नवी मोटारसायकल घेतली होती आणि हे वाक्य त्या मोटारसायकलकडं बघून म्हटलेलं होतं.

काका जाईपर्यंत मावशींची काटकसर ही आमच्या घरात हसण्याची गोष्ट होती. काका गेले आणि तिच्यात एक जिद्द शिरली, ती कशी ते सांगतो. मावशींना दोन मुलगे. थोरला दत्ता केजला ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो, धाकटा बालाजी गावातच शेती बघतो. काकांच्या तेराव्याला दत्ताला गावजेवण घालायचं होतं, बुंदीसकट, कारण केजची चार मोठी माणसं येणार होती. बालाजीचं म्हणणं, भावकीपुरतं वरण-पोळीचं करू. शेवटी दत्ताचं झालं आणि खर्च निम्मा-निम्मा ठरला. बुंदी झाली, गाव जेवलं, माणसंही येऊन गेली, आणि तेलाचे तीन डबे न फोडता उरले. दत्तानं ते त्याच दुपारी किराणा दुकानाला परत केले आणि आलेल्या पैशांतून मंडपवाल्याला भागवलं. फक्त हे बालाजीला सांगायचं राहून गेलं. बालाजीला ते दुसऱ्याकडून कळलं. झालं, चुलवणातला विस्तव अजून विझला नव्हता तोवर दोघं भाऊ भावकीसमोर उभे राहून भांडले. डब्यांवरून सुरू झालेलं भांडण बापाच्या दवाखान्यावर गेलं, कोण किती वेळा घेऊन गेलं, कुणाचं पेट्रोल किती जळलं, पाय कुणी चेपले, सगळं निघालं. तेरा दिवसांपूर्वी विधवा झालेली त्यांची आई पडवीच्या कोपऱ्यात बसून ते ऐकत होती. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलायचे बंद झाले. आईला दोघंही आपापल्या घरी राहायला बोलावत होते, पण एकाकडं गेलं की दुसऱ्याचं दार बंद होईल म्हणून त्या कुणाकडंच गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा मावशी मला शेवग्याखाली घेऊन गेल्या. त्या रडत नव्हत्या. एखादं काम हातात घेतलेल्या बाईसारख्या बोलत होत्या.

"माझ्या मातीला ह्या दोघांचा एक रुपया लागू द्यायचा न्हाई मला," त्या म्हणाल्या. "रुपया लागला की हिशेब आला, अन् हिशेब आला की हे परत भांडतेल. अन् त्या टायमाला मी नसन मधी पडायला."

मला वाटलं, दुःखाच्या भरात बोलल्या. पण पुढच्या महिन्यात गेलो तर पडवीत पत्र्याच्या दोन नव्या कोठ्या उभ्या होत्या. एकीत गहू, कडुनिंबाचा पाला घालून. दुसरीत एरंडेल चोळलेली तुरीची डाळ आणि वर कापडात बांधलेला तांदूळ. आढ्याला टांगलेली गुळाची ढेप. शंभर पानांचा शिधा, भावकी आणि जवळची माणसं धरून, बुंदी नाही, गव्हाची खीर. ट्रंकेत शेवटचं लुगडं घडी करून ठेवलं होतं. मागच्या भिंतीला गोवऱ्यांची चळत रचली होती आणि शेजारी दोन सरळ बांबू आडवे बांधले होते. माझ्या बायकोनं त्या बांबूंवर ओली साडी वाळत घातली आणि मग मावशींनी सहज सांगितलं की ते आपल्या तिरडीचे आहेत, पण तोवर नुसते कशाला ठेवायचे, कपडे वाळतात तर वाळू देत. बायकोनं साडी ओढून काढली आणि आत जाऊन रडली. मी घोटभर पाणी मागितलं. पाणी मातीच्या कोऱ्या मडक्यातलं होतं, थंडगार. अर्धा तांब्या प्याल्यावर माझ्या मनात शंका आली आणि मी मावशींकडं पाहिलं. त्यांनी मान डोलावली. मडक्याला काय कळतंय, म्हणाल्या, आणि पाणी गार होतं का न्हाई ते सांगा.

पहिल्याच वर्षी एक पंचाईत झाली. मावशी काही मेल्या नाहीत आणि डाळीला कीड लागायची वेळ आली. वर्षभराचं धान्य सडवणं तर त्यांच्या स्वप्नातही येणारं नव्हतं. तेव्हा होळी झाली, नवा गहू आणि नवी तूर बाजारात आली की जुना शिधा काढायचा, लागेल तेवढा शिजवून माणसं जेवू घालायची, उरलेला विकायचा आणि त्या पैशांत थोडी भर घालून कोठ्या नव्यानं भरायच्या, असा त्यांनी नेम घातला. होळी ते पाडवा या दिवसांत मावशींचं तेरावं दर वर्षी होऊ लागलं. मधले आठेक दिवस कोठ्या रिकाम्या असायच्या, धुऊन उन्हात उपड्या घातलेल्या. त्या आठ दिवसांत मावशी फार जपून राहायच्या. एरवी विहिरीवर एकट्या जाणारी ही बाई त्या आठवड्यात रस्ता ओलांडत नसे. मी एकदा मोटारसायकलवर केजला सोडतो म्हटलं, तर कोठ्या भरल्यावर बसेन म्हणाल्या. साधा ठसका लागला तरी हसीनाबींना हाक मारायच्या. मरायला त्यांची हरकत नव्हती, पण रिकाम्या कोठ्यांवर मरणं म्हणजे सगळ्या वर्षाची मेहनत पाण्यात.

त्या जेवणाला दोन्ही मुलं यायची. दुसऱ्या कुठल्याही कार्याला दत्ता असला की बालाजी नसे आणि बालाजी असला की दत्ता. पण मावशी दोघांना निरोपच असा धाडायच्या की माझं तेरावं आहे, ये, आणि आईच्या तेराव्याला नाही म्हणायची छाती कुठल्या मुलाची होईल? दोघं यायचे, पंगतीच्या दोन टोकांना बसायचे, मान खाली घालून जेवायचे आणि हात धुवून निघून जायचे. मध्ये पन्नास माणसं. मावशी वाढत वाढत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायच्या आणि परत यायच्या.

पहिल्या वर्षी शंभर पानं होती. दुसऱ्या वर्षी ऐंशी. मग भावकीतली लांबची माणसं गळाली, मग शेजारपाजार गळाला. सातव्या-आठव्या वर्षी आम्ही वीसच माणसं उरलो. लोक म्हणायला लागले की म्हातारी वयानं आणखी चिकट झाली, स्वतःच्या तेराव्यालासुद्धा हात आखडते. बायकोही कुरकुरली. मी हसलो. मास्तर असून मला साधं गणित सुटलं नाही. माणसं कमी केली की पंगत आखूड होते, आणि पंगत आखूड झाली की तिची दोन टोकं जवळ येतात. हे माझ्या ध्यानात आलं ते अकराव्या वर्षी, पडवीत फक्त तीन पाट मांडलेले पाहिले तेव्हा. एकावर दत्ता, एकावर बालाजी आणि मधल्यावर मी. सुना आणि माझी बायको आत चुलीपाशी होत्या.

आयुष्यात इतकं अवघड जेवण मी जेवलेलो नाही. तूप डाव्या बाजूला होतं. "दाजी, तूप द्या म्हनावं इकडं," बालाजी माझ्या कानात म्हणाला, दत्ताला सहज ऐकू जाईल अशा आवाजात. मी वाटी फिरवली. थोड्या वेळानं दत्तानं माझ्यामार्फत लोणचं मागवलं. मी दोन देशांमधल्या वकिलासारखा बसलो होतो आणि खीर गार होत होती. पहिली वाटी संपली, मी दुसरी मागून घेतली, तेवढ्यात मावशी समोर येऊन उभ्या राहिल्या.

"जावईबापू, तुमी उठा," त्या म्हणाल्या.

भरल्या ताटावरून जावयाला उठवणारी सासू मी पाहिली नव्हती. पण त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी उठलो. न्हाणीपाशी हात धूत असताना त्या मागून आल्या आणि खीर नंतर देते, असं हळूच सांगून गेल्या. मी दाराआडून पाहिलं. दोघा भावांच्या मध्ये माझं अर्धवट ताट आणि रिकामा पाट. दोघंही जेवायचे थांबले होते. मग दत्तानं तुपाची वाटी बोटानं बालाजीच्या बाजूला थोडी सरकवली. बालाजीनं ती घेतली नाही, पण "बास, लई झालं," एवढं म्हणाला. अकरा वर्षांत एकमेकांना म्हटलेले ते पहिले शब्द. मावशी चुलीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि त्यांनी वळून पाहिलं नाही. जेवण झालं, दोघं आपापल्या गाड्यांवर आपापल्या वाटेनं निघून गेले. मला खीर मिळाली, पण त्या दिवशी गोड लागली नाही.

पाडवा झाला तरी मावशींनी कोठ्या भरल्या नाहीत. मी फोनवर विचारलं तर तूर महाग आहे म्हणाल्या. पुन्हा विचारलं तर उन्हं फार आहेत म्हणाल्या. तूर त्या वर्षी काही महाग नव्हती, आणि उन्हाला घाबरणारी ती बाई नव्हती. मला चुटपुट लागली होती, पण शाळेच्या परीक्षा होत्या, जाणं झालं नाही. ते जाणं झालं नाही याचं मला अजूनही वाईट वाटतं.

वैशाखात एका सकाळी हसीनाबी दूध घेऊन गेल्या तेव्हा मावशी उठल्या नव्हत्या. बांबू होते, गोवऱ्या होत्या, मडकं होतं, लुगडं होतं. त्या दिवशी कुणाचा काही खर्च झाला नाही. दहाव्या दिवशी घाटावरून आल्यावर तेराव्याचं बघायला म्हणून दत्तानं कोठ्यांची झाकणं उघडली. आत कडुनिंबाचं एक पानसुद्धा नव्हतं. पुसून लख्ख केलेला पत्रा. बालाजी मागं येऊन उभा राहिला आणि तोही आत बघू लागला.

"मायनं कावून भरलं न्हाई?" दत्ता म्हणाला. कुणाला म्हणाला ते कळलं नाही. मग दत्ता पायात चप्पल घालत म्हणाला की मी आणतो केजहून, आणि बालाजी म्हणाला, "एकटा कावून? मी बी येतो." बालाजीनं मोटारसायकल काढली. दत्ता जरासा थांबला आणि मग मागं बसला.

ते गेल्यावर हसीनाबी पडवीच्या पायरीवर माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी मुलांना सांगितलं नव्हतं. पाडव्याच्या आधी त्यांनी मावशींना विचारलं होतं. "मी म्हनलं आक्का, नवी तूर आलीय, आनून देऊ का," हसीनाबी म्हणाल्या. "तर म्हनल्या, औंदा नगं. औंदा पोरं आनतेल." अकरा वर्षं ज्या बाईनं मुलांचा एक रुपया लागू नये म्हणून जीव आटवला, तिनं शेवटच्या वर्षी तो रुपया त्यांच्यासाठी मुद्दाम शिल्लक ठेवला होता. तो लागला तर ते भांडतील की एका गाडीवर बसतील, हे बघायला आपण असणार नाही, हेही तिला माहीत होतं.

ऊन उतरल्यावर दोघं परत आले. मागून आलेल्या भाड्याच्या छोट्या टेंपोत गहू, गूळ, तांदूळ आणि डाळीचं पोतं. दोघांचे चेहरे उन्हानं आणि रडण्यानं लाल झालेले. दत्तानं पोत्याचं तोंड सोडलं आणि मूठभर डाळ माझ्यापुढं धरली. डाळ जुनी होती, हाताला तिचं पीठ लागत होतं, आणि त्यांनी भाव सांगितला. किलोमागं वीस रुपये तरी जास्त गेले होते. बालाजी शेती करत असला तरी दुकानातली डाळ पारखून घ्यायची वेळ दोघांपैकी एकावरही आयुष्यात आली नव्हती.

"दाजी, माय असती तर काय म्हनली असती?" बालाजीनं विचारलं. दत्ताही माझ्याकडंच बघत होता.

चांगली आहे म्हणाल्या असत्या, असं मी सांगितलं. तसं मावशी कुठल्याही डाळीला कधी म्हणाल्या नव्हत्या. दोघांनी पोत्याची दोन टोकं धरली आणि ते उचलून आत नेलं.